कलश कुणी आणला?

(घाटकोपर येथे सीमाभागाच्या पाठिंब्यासाठी भरलेल्या कामगार सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. आम्ही साच्यावर उभे राहिलेली माणसं. शाळा म्हणाल तर मराठी चौथी. बाकीचं शिक्षण खात्यात, गेटसभेत आणि लोकलच्या डब्यात झालं. तेव्हा बोलण्यात कुठं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

विषय आम्हीच मागून घेतलाय. गेल्या बैठकीत युनियनच्या खोलीवर चहा घेताना वाद पेटला. एक जण म्हणाला, संयुक्त महाराष्ट्राचा मंगल कलश यशवंतराव चव्हाणांनी आणला. दुसरा उसळला, यशवंतरावांनी कसला आणला, कलश आणला १०६ हुतात्म्यांनी, ह्यांनी फक्त डोक्यावर घेऊन फोटो काढला! चहा निवला, वाद काही निवेना. मग आम्ही म्हटलं, दोघांचं अर्धं अर्धं ऐकण्यापेक्षा ह्या माणसाची सबंध गोष्टच एकदा उलगडून बघू. आज बेळगावचे लोक आपल्यापुढे बसले आहेत. त्यांचा कलश अजून आलेला नाही. म्हणून हा वाद नुसता जुन्या गोष्टी उगाळण्याचा नाही.

यशवंतराव वकील होते ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ती नीट ध्यानात धरा. पुढे कामाला येणार आहे.

जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावी, आजोळी. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. वडील कोर्टात बेलीफ. म्हणजे लोकांच्या दारात जाऊन समन्स बजावायचे, जप्ती आणायची. मुलगा लहान असतानाच वडील प्लेगात गेले. आई विठाई, तिला अक्षरओळख नाही. तिनं पोरं वाढवली. थोरल्या भावानं बेलिफाचीच नोकरी धरली म्हणून घरात चूल पेटत राहिली. अशा घरातला मुलगा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकला, १९३२ साली झेंडावंदनाच्या पायी अठरा महिन्यांची सक्तमजुरी भोगून आला, तुरुंगातून सुटून मॅट्रिक झाला, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली बी. ए. झाला आणि पुण्याच्या लॉ कॉलेजातून १९४१ साली वकील. ज्या कोर्टाचा कागद बापानं गावोगाव वाहिला, त्या कोर्टापुढं काळा कोट घालून पोरगा उभा राहिला. आमच्यातला एखादा बदलीवाला उद्या गिरणीचा मॅनेजर व्हावा, तसलाच हा प्रकार.

पण वकिली फार दिवस चालली नाही. १९४२ उजाडलं. जूनमध्ये वेणूताईंशी लग्न झालं आणि ऑगस्टात मुंबईला गवालिया टँकच्या अधिवेशनाला गेले. तिथून जे परतले ते भूमिगतच झाले. साताऱ्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला गोळीबार झाला. नाना पाटलांचं प्रतिसरकार पुढं त्याच मातीत उभं राहिलं. पोलिसांनी वेणूताईंना पकडून नेलं, घरादाराला छळलं. १९४३ साली बायको फलटणला आजारी पडली म्हणून यशवंतराव तिला बघायला गेले आणि तिथंच पकडले गेले. हे फलटण लक्षात ठेवा. ह्या गावाचं नाव ह्या गोष्टीत आणखी एकदा यायचं आहे, आणि तेव्हा आपल्याला ते गोड लागणार नाही.

इथपर्यंत वाद नाही. इथपर्यंत तो माणूस आपला, रक्ताचा, सातारी. राज्य इंग्रजाचं होतं आणि हा त्याच्या विरुद्ध. सरळ हिशेब.

हिशेब वाकडा होतो तो राज्य आपलं झाल्यावर.

१९४६ साली निवडणूक झाली. दक्षिण साताऱ्यातून यशवंतराव निवडून आले. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. गृहखातं मोरारजी देसायांकडे, आणि मोरारजींच्या हाताखाली पार्लमेंटरी सेक्रेटरी कोण, तर यशवंतराव. गंमत बघा. तीन वर्षांपूर्वी ज्या पोलिसांनी फलटणला हात धरून नेलं, तेच पोलीस आता उठून सलाम करायला लागले. माणूस तोच, पोलीस तेच, फक्त खुर्ची फिरली.

त्याच सरकारनं १९४६ साली मुंबईचा औद्योगिक संबंध कायदा केला. एका धंद्यात प्रातिनिधिक युनियन एकच, मालकाशी बोलणार ती एकटीच, आणि संप करायचा तर इतक्या पायऱ्या चढायच्या की वर पोचेतो दम निघावा. हा कायदा यशवंतरावांनी लिहिला असं आम्ही म्हणत नाही. ते तेव्हा सेक्रेटरी, ज्येष्ठांच्या पाठीमागं बसणारे. पण त्या सरकारात ते होते. आणि ह्या कायद्याची गाठ आपल्या गळ्याला किती घट्ट बसली ते १९८२ साली कळलं. ह्याच घाटकोपरात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख गिरणी कामगार उभे राहिले, तरी सरकारनं आणि मालकांनी कायद्यावर बोट ठेवलं. म्हणे तुमची मान्यताप्राप्त युनियन दुसरी, बोलायचं तिच्याशी. कामगार एकीकडं, कायद्याचा कागद दुसरीकडं. असो. ते दु:ख वेगळं, त्याला वेगळी सभा लागेल.

१९४७-४८ च्या सुमाराला साताऱ्या-पुण्याकडची पुष्कळ जिवाभावाची माणसं काँग्रेस सोडून निघाली. शंकरराव मोरे, केशवराव जेधे. शेतकरी कामगार पक्ष काढला. यशवंतराव गेले नाहीत. घरातच राहायचं, घरात राहून भांडायचं, घर सोडायचं नाही, ही त्यांची रीत तेव्हाच ठरली. १९५२ ला पुरवठामंत्री झाले. धान्यावरचं नियंत्रण उठलं त्यात त्यांचा हात होता. रेशनच्या मिलोनं ज्यांच्या आतड्यांची चाळण झाली होती त्यांनी दुवा दिला, असं जुने लोक सांगत. ज्याचं माप त्याच्या पदरात घालायला आम्हाला कमीपणा वाटत नाही.

आता मुख्य गोष्टीवर येतो.

१९५५ साली राज्यपुनर्रचना मंडळाचा अहवाल आला. तेलुगू माणसाला आंध्र मिळाला, पोट्टी श्रीरामुलूंच्या प्राणाचं मोल देऊन मिळाला, पण मिळाला. मराठी माणसाला काय? तर गुजरातसकट द्विभाषिक, आणि विदर्भ वेगळा. पुढं दिल्लीनं आणखी एक शक्कल काढली: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, आणि मुंबई स्वतंत्र. मुंबई महाराष्ट्राबाहेर! ज्या मुंबईचे साचे आमच्या कोकणातल्या, घाटावरच्या बापजाद्यांनी चालवले, गोदीत ज्यांनी पाठीवर गोणी वाहिल्या, ज्यांच्या बायकांनी खानावळी चालवून पोरांना जगवलं, त्यांची मुंबई नव्हे. मग कुणाची? ज्यांच्याकडं शेअर होते त्यांची.

२१ नोव्हेंबर १९५५. गिरण्या बंद पडल्या. लालबाग-परळचे लोक फाउंटनकडं निघाले, विधानसभेवर. मोरारजींच्या पोलिसांनी गोळी घातली. एका दिवसात पंधरा माणसं पडली. पुढं १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा पंडित नेहरूंनी केली आणि पुन्हा गोळ्या. गिरगाव, परळ, लालबाग. रस्त्यावर, चाळीच्या गॅलरीत, कुठंही. नंतर मोजणी करता करता हुतात्म्यांचा आकडा १०५, मग १०६ झाला.

तेव्हा यशवंतराव कुठं होते? बांधवांनो, ते मोरारजींच्या मंत्रिमंडळात होते. आणि १९५५ च्या डिसेंबरात ते फलटणला गेले. तेच फलटण. तिथं त्यांनी जाहीर केलं की नेहरू आणि महाराष्ट्र ह्यांतून एक निवडायची पाळी आली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, नेहरू महाराष्ट्राहून मोठे. फाउंटनवरचं रक्त अजून वाळलं नव्हतं. एकदा त्या गावात ते राज्याविरुद्ध लढताना पकडले गेले, बारा वर्षांनी त्याच गावात आपण होऊन राज्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

ह्या वाक्याबद्दल त्यांना महाराष्ट्रानं काय काय म्हटलं ते विचारू नका. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ साली निघाला, त्याच्या जुन्या अंकांची पानं चाळा, कळेल. आमच्या घाटकोपरच्या चिरागनगरात राहणारे अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर ह्यांच्या डफानं गल्ली न् गल्ली उठवली. तिकडं चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडून दिलं. तेही काँग्रेसच्याच सरकारात होते, आणि त्यांना पदाची किंमत ठाऊक नव्हती असं नाही. पण ते उठले. यशवंतराव बसून राहिले.

आणि बसून राहिले म्हणूनच १ नोव्हेंबर १९५६ ला विशाल द्विभाषिक मुंबई राज्य झालं तेव्हा मुख्यमंत्री कोण, तर यशवंतराव चव्हाण. वय त्रेचाळीस. नेतेपदाच्या निवडणुकीत भाऊसाहेब हिऱ्यांना त्यांनी हरवलं आणि त्यांच्या मागं मोरारजींच्या गुजरातची मतं होती, हे कुणी लपवलेलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून त्या दिवशीचा आमचा तो तापट भाऊ म्हणेल, झालं, निकाल लागला. थांब रे बाबा. इथं पहिला अंक संपतो.

१९५७ ची निवडणूक आली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, नाना पाटील, दादासाहेब गायकवाड, शेतकरी कामगार पक्षाची मंडळी, सगळे एका झेंड्याखाली, संयुक्त महाराष्ट्र समिती. ह्या लोकांचं एरवी एका ताटात जेवायचं वांधं. पण त्या वेळी जमलं. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस भुईसपाट झाली. मुंबई महापालिकेत समितीचा महापौर बसला. त्याच वर्षी मुलुंड, बोरिवली, दहिसर बृहन्मुंबईत घेतले गेले, म्हणजे आपली उपनगरं अशी ऐन रणधुमाळीत मुंबईला जोडली गेली. खुद्द यशवंतराव कऱ्हाडला थोडक्या मतांनी कसेबसे तरले. सरकार टिकलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या आमदारांवर. आपल्याच मुलखात मुख्यमंत्र्याला तोंड काढणं मुश्किल झालं.

आणि इथं तो वकील जागा झाला.

चांगला वकील कसा असतो? कामगार कोर्टात आम्ही पुष्कळ बघितले. एक जात असते नुसती टेबल बडवणारी. दुसरी असते ती समोरच्याची कैफियत आधी वाचते, पार शेवटल्या ओळीपर्यंत, आणि मग ठरवते की आपल्या अशिलाला काय सांगायचं. तिसरी गोष्ट अशी की हरणारा खटला कुठला ते चांगल्या वकिलाला न्यायाधीशाच्या आधी कळतं. यशवंतरावांना १९५७ च्या मतपेट्यांत तो निकाल वाचता आला.

३० नोव्हेंबर १९५७ ला पंडितजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. समितीनं काळी निशाणं घेऊन उभं राहायचं ठरवलं. डोंगरात हजारो लोक जमले. मोरारजी मुख्यमंत्री असते तर काय झालं असतं ते फाउंटनला विचारा. यशवंतरावांनी निदर्शनं होऊ दिली. एस. एम. जोशींनी आपल्या लोकांना आवरून धरलं, यशवंतरावांनी आपल्या पोलिसांना. वाटेच्या दोन्ही अंगांना माणसंच माणसं, हातात काळी निशाणं, आणि कुणाचं टाळकं फुटलं नाही. पंडितजींनी मोटारीतून स्वत:च्या डोळ्यांनी बघितलं की महाराष्ट्र म्हणजे चार पुढारी नव्हेत. आमच्या मते संयुक्त महाराष्ट्राच्या खटल्यातला सगळ्यांत मोठा पुरावा त्या दिवशी पुढं आला. पुरावा आपण दिला. तो न्यायाधीशाच्या डोळ्यांपुढं येऊ दिला तो यशवंतरावांनी.

मग त्यांनी दिल्लीला जाऊन तेच सांगायला सुरवात केली जे आपण रस्त्यावर ओरडत होतो, पण वकिलाच्या भाषेत. हे द्विभाषिक चालत नाही, १९६२ च्या निवडणुकीत उरलीसुरली काँग्रेसही जाईल. गुजरातेतही महागुजरातची चळवळ पेटलेली होती. १९५९ साली इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, नऊ जणांची समिती बसली आणि द्विभाषिक मोडायचं ठरलं. १ मे १९६०. आपला कामगार दिन आणि आपल्या राज्याचा वाढदिवस एकच. राजभवनावर पंडित नेहरूंच्या हस्ते सोहळा झाला. डांग गेलं, उंबरगाव गेलं, गुजरातला राजधानी बांधायला पैसे मोजावे लागले, आणि बेळगाव राहिलं ते राहिलंच. पण मुंबई मिळाली.

तर कलश कुणी आणला? आम्ही आमच्या अडाणी बुद्धीनं सांगतो. माती मळली ती लोकांनी. भट्टीत भाजला तो १९५५-५६ सालच्या आगीत. त्यातलं पाणी कुणाच्या घरचं होतं ते त्या १०६ घरांना विचारा. दिल्लीहून तो उचलून आणण्याची हमाली मात्र यशवंतरावांनी केली, आणि वाटेत तो हिंदकळू दिला नाही. हमालीला आम्ही हलकं समजत नाही, आमच्यातले निम्मे लोक हमाली करूनच मोठे झाले. पण हमालानं मालाचा मालक म्हणून पावती फाडू नये.

पुढची दोन-अडीच वर्षं, आम्ही खुल्या दिलानं सांगतो, त्या माणसाचं सोनं झालं. गावकीच्या महार वतनाची बेडी, जी तोडण्यासाठी बाबासाहेब आंबेडकर १९२८ पासून झगडत होते, तिचा कायदा १९५८ साली ह्यांच्याच कारकिर्दीत झाला. धर्मांतर केलेल्यांच्या सवलती महाराष्ट्रानं चालू ठेवल्या. गरिबाच्या पोराची फी माफ झाली, आमच्या चाळीतली कितीतरी पोरं त्यावर कॉलेजात गेली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, त्याच साली औद्योगिक विकास महामंडळ आलं. अंधेरीला एमआयडीसी नावाचा स्टॉप सगळ्यांना ठाऊक आहे, तो त्याच झाडाची फांदी. सहकारी साखर कारखान्यांना सरकारचा हात मिळाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना बोलावून साहित्य संस्कृती मंडळ काढलं. हे सगळं का जमलं? कारण तेव्हा यशवंतरावांच्या पाठीशी अशील होतं. सबंध महाराष्ट्र, जागा झालेला, भांडून मोकळा झालेला. ज्याच्या मागं अशील जागं, त्या वकिलाचा आवाज चढतोच.

एक गोष्ट मात्र बोलून टाकतो. बेरजेचं राजकारण म्हणून त्यांची वाहवा होते. विरोधातले एक एक चांगले मोहरे काँग्रेसच्या घरात आले. बेरीज त्यांच्याकडं झाली, वजाबाकी आमच्याकडं. समिती फुटली. सीमाभागाचा प्रश्न संपेतो समिती ठेवायची की मोडायची ह्यावरच आपले लोक भांडले, आणि बेळगावचे लोक ते बघत उभे राहिले.

१९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या लढाईत कृष्ण मेनन ह्यांना जावं लागलं आणि संरक्षणमंत्री म्हणून नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं पेपरांनी छापलं. आपली पण छाती फुगली. नाशिकनं त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. १९६५ च्या पाकिस्तानशी झालेल्या लढाईत तेच संरक्षणमंत्री होते आणि ते काम त्यांनी चोख केलं.

पण जे आम्हाला दिसतं ते सांगतो. गिरणीत बदली कामगार ही काय चीज असते ते इथं समजावून सांगायला नको. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही, आजारी पडला, मेला, तर तुला हाक. त्याच्या साच्यावर तू उभा. काम त्याच्यापेक्षा झकास कर, तरी साचा तुझा नव्हे. दिल्लीत यशवंतराव बदलीवाले होते. मेनन पडले, बोलवा चव्हाण. १९६६ साली गोहत्याबंदीच्या मोर्चावरून नंदा गेले, बोलवा चव्हाण, गृहखातं. १९७० ला अर्थ, १९७४ ला परराष्ट्र. देशाची चारी मोठी खाती ह्या बेलिफाच्या पोरानं चालवली. पण कायमचा साचा, पंतप्रधानपदाचा, कधी मिळाला नाही. मागायची वेळ आली की त्यांचा घसा बसे. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीला बंगलोरला त्यांनी संजीव रेड्डींच्या बाजूनं मत दिलं, म्हणजे इंदिराबाईंच्या विरुद्ध, आणि काँग्रेस फुटली तेव्हा इंदिराबाईंच्या बाजूला जाऊन बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि आता बेळगावकर पाहुण्यांनो, तुमच्या गोष्टीवर येतो.

१९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकी म्हैसूर राज्यात घातलं. महाराष्ट्रानं ८१४ गावांची मागणी मांडली. १९६६ साली सेनापती बापटांसारखा म्हातारा माणूस उपोषणाला बसला तेव्हा कुठं केंद्रानं महाजन आयोग नेमला. ऑक्टोबर १९६६. आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत गृहमंत्री कोण झालं? यशवंतराव चव्हाण! सबंध सीमाभागात लोकांनी साखर वाटली असेल. आपला माणूस! १९६७ च्या ऑगस्टात आयोगाचा अहवाल आला. बेळगाव कर्नाटकातच. तो अहवाल आला तेव्हा त्या खात्याच्या खुर्चीत कऱ्हाडचा, बेळगावच्या शेजारचा, मराठी माणूस बसला होता.

महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. गृहमंत्री गप्प राहिले. त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. केंद्राचा मंत्री झाला की तो एका राज्याचा वकील राहात नाही, न्याय दोघांना द्यायचा, स्वत:च्या मुलखाकडं झुकला म्हणून बोट दाखवलं जायचं. पटतं. आम्हालाही पटतं. पण मग सीमाभागाच्या लोकांनी वकील कुठून आणायचा? जो होता तो न्यायाधीशाच्या बाकावर जाऊन बसला. १९६९ च्या फेब्रुवारीत ह्या प्रश्नावर मुंबई पेटली, माणसं मेली, आणि दिल्लीत गृहमंत्री तेच होते. बेळगावचा कागद इथला तिथं हलला नाही. मुंबईच्या वेळी फाउंटनला लाखो माणसं मागं होती म्हणून वकिलाला बोलावं लागलं. बेळगावच्या वेळी मुंबई मिळाल्यामुळं आपण निवांत झालो होतो. दोष एकट्या त्यांचा नाही. आमच्या युनियनच्या जुन्या ठरावांच्या वह्या आम्ही चाळल्या. १९६० च्या आधी पानोपानी बेळगाव आहे. नंतर वर्षातून एकदा, तेही शेवटच्या ओळीत.

उरलेली गोष्ट भराभर सांगतो, कारण ती सांगताना आनंद होत नाही. १९७५ ला आणीबाणी आली. आमच्या गोरेगावच्या मृणाल गोरे तुरुंगात गेल्या, मोरारजी तुरुंगात गेले, कामगाराचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. १९३२ साली झेंड्यासाठी अठरा महिने भोगलेला माणूस त्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होता. १९७७ ला राज्य फिरलं, मोरारजी पंतप्रधान झाले आणि यशवंतराव विरोधी पक्षनेते. १९७९ च्या जुलैत मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला तो यशवंतरावांनी, आणि सरकार पडलं. १९४६ ला ज्यांच्या हाताखाली सेक्रेटरी, त्यांनाच तेहतीस वर्षांनी खाली ओढलं. राष्ट्रपती रेड्डींनी सरकार बनवायला आधी यशवंतरावांनाच विचारलं. बनवता आलं नाही. चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला सामोरं न जाताच कोसळलं.

१९८० ला सातारकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. सातारा शेवटपर्यंत विसरला नाही. पण १९८१ साली ते इंदिराबाईंच्या पक्षात परत जायला निघाले तेव्हा त्यांना दारात ताटकळत ठेवलं गेलं. ज्यानं चार खाती चालवली तो गेटवरच्या बदलीवाल्यासारखा हाकेची वाट बघत राहिला. मग १९८२ ला वित्त आयोगाचं अध्यक्षपद दिलं. त्याच साली मुंबईच्या गिरण्या संपानं थंड पडल्या होत्या. १९८३ ला वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत यशवंतराव गेले. कऱ्हाडला, कृष्णा-कोयनेच्या संगमावर त्यांना अग्नी दिला.

आम्ही तिथं एकदा जाऊन आलो. युनियनच्या एका कार्यकर्त्याच्या लग्नाला कऱ्हाडला गेलो होतो, तेव्हा समाधीवर गेलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आम्ही मुंबईचे, गिरणीवाले, म्हटल्यावर म्हणाले, ‘तुम्हीच शिव्या घातल्या की त्याला.’ आम्ही म्हटलं, ‘घातल्या. म्हणून तर मुंबई मिळाली.’ म्हातारा हसला. चप्पल पायात घालत म्हणाला, ‘हां, हेबी खरंच.’

फाउंटनला हुतात्मा चौकात शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. त्यात वकील नाही. ही गोष्ट आम्हाला योग्य वाटते.

महाराष्ट्र सरकारनं २००४ साली सुप्रीम कोर्टात सीमाभागाचा दावा लावला. त्याला दोन दशकं उलटली, अजून निकाल नाही. तारखा पडतात. मधे १९८६ साली कन्नडसक्तीच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या पोरांनी गोळ्या खाल्ल्या. दरवर्षी १ नोव्हेंबरला बेळगावला काळा दिवस पाळतात. सायकलवरून, पायी, काळी फीत लावून माणसं निघतात. मुंबईचे किती जण असतात? कोर्टात मोठमोठे वकील उभे आहेत, असतील, हुशार असतील. पण १९५७ नंतर यशवंतरावांच्या आवाजात जो जोर आला तो हुशारीचा नव्हता, हे आपण आत्ताच बघितलं.

मुलुंड आणि भांडुपच्या शाखांनी ह्या १ नोव्हेंबरला बेळगावला जायला नावं दिलेली आहेत. अंधेरी-बोरिवलीवाल्यांची यादी अजून कोरी आहे. दाराशी टेबलावर वही ठेवलीय, शेजारी पेनही बांधून ठेवलंय. आता आमचं पुरे. निपाणीहून आलेल्या बाई तंबाखूच्या वखारीत काम करतात, आपल्यातल्याच आहेत, त्यांना परतीची गाडी गाठायची आहे. त्यांना आधी बोलू द्या. आम्ही बसतो.